मूळ भाषेत एकच शब्द

हॅलो? ताई? … मीच गं. दुकानातून बोलतेय. … नाही, चष्मेवाले मालक जेवायला गेलेत. ऐक ना, संपवलं मी ते. … ते गं, चेटकिणींचं! तुझ्या नणंदबाईंनी खारूला वाढदिवसाला दिलेलं. … आवडलं? छे! सगळं जग उगाच डोक्यावर घेऊन नाचतंय. … बसमध्ये वाचता वाचता दोन स्टॉप पुढे गेले, ते वेगळं.

अगं, मुद्दा ऐक. त्यात पोरीला जादू शिकवायला दोघी टपलेल्या. एक आत्या, एक मावशी. आत्या उजेडाची चेटकीण, बोलणं कसं मधात घोळलेलं. आणि मावशी? मावशी विषारी मुळ्या उकळते! पोरीची वर्षं चोरून स्वतः तरुण होते! … हसू नकोस. मूळ भाषेत दोघींना एकच शब्द आहे म्हणे. मग हिलाच मावशी करायला त्या भाषांतरवाल्याला कोणी सांगितलं? आपल्यात म्हणतात, माय मरो आणि मावशी जगो. … अगं, तुला मर नाही म्हणत! म्हण आहे ती!

… एक मिनिट हं. … काका, खालची ओळ वाचा. … आठ नाही, तीन आहे तो. … वाढलाय तुमचा नंबर. बसा, आलेच. … हं, बोल.

… योगायोग? नणंदबाई योगायोगाने काही करत नाहीत. खारू इकडे कॉलेजला येणार, आत्याकडे राहायचं की मावशीकडे ते ठरायचंय, आणि नेमकं हेच पुस्तक? … हो, आहेच मी संशयी. … माझी खोली लहान आहे, मान्य. पण पडदे शिवलेत मी. कपाट रिकामं केलंय. … त्यांच्याकडे गच्ची आहे, ठाऊक आहे. काय करायचीय गच्ची? झाडूवर बसून उडायचंय?

… काय? … ठरलं? … कधी?

… नाही, मला कशाला काय वाटेल. कॉलेज तिथून चालत जाण्यासारखं आहे. बरोबरच आहे. … नाही गं, घसा बसलाय. … दे. दे तिला.

खारूताई! अगं, किती छान झालं! … मी? मी कशाला रागावू? … हो, वाचलं. सगळं. … काय सांगतेस! आत्याने नाही वाचलं? … एक पानसुद्धा? … दुकानदाराने पुढे केलं, तेच बांधून आणलं? … अगं बाई. … नाही, हसत नाहीये, खोकला आला. बिचारी कामात असते.

… मग इतके दिवस पुस्तकावर बोलायला कोणीच नाही तुला? … अगं, मला विचारायचं ना! … हो, मावशी मरते तिथे मलाही… हो ना! तिने शेवटी तो शाप स्वतःवर का घेतला, सांगू? ती पोरीला… काका, दोनच मिनिटं! … हां, ती पोरीला एकदाच नावाने हाक मारते, आठवतंय? तिथेच तिचं…

… काय? मध्येच कोणाचा फोन? … आत्याचा. … घे ना. घे, घे. … छे गं, मी थांबते. … खरंच थांबते. आणि ऐक, तिला शेवट सांगू नकोस हं! … खारू? …

हॅलो?