कचरूभाऊंचा फोन

मंडळी, सावरून बसा. वाणीबद्दल मघापासून बरंच बोललो, आता आख्यानाला लागू. पण आधी एक विचारतो. एखाद्यानं चारचौघांत कुणाची टर उडवली. माणसं पोट धरून हसली. हात उचलला नाही, शिवी दिली नाही, अंगावर ओरखडासुद्धा नाही! आणि पुढं त्यातून कुणाचं वाईट झालं, तर ते कुणाच्या पदरात घालायचं? बोलणाऱ्याच्या? का "मी गंमत केली" म्हटलं की तो मोकळा?

उत्तर देऊ नका. आधी ऐका!

नांदुरवेस नावाचं गाव. गावाला स्वतःचा छोटा रेडिओ. बियाणांच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना जाड कापड, मधे माईक आणि माईकपुढं प्रसन्न कुलथे. तिशीतला गडी. जीभ अशी, की समोरच्याची सालटी काढावी! सकाळी सातला त्याचा कार्यक्रम, 'सकाळचा ठसका'. सरपंचाच्या मिशा, मास्तरांची स्कूटर, नव्या सुनेचा स्वयंपाक... कुणी सुटायचं नाही. आणि ऐकायचं कोण? सगळे! गोठ्यात धारा काढता काढता ऐकायचे, न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकायचे. ज्याची टर उडाली तोसुद्धा दुसऱ्या दिवशी रेडिओ लावायचा. का? आज दुसऱ्याची उडणार म्हणून!

त्या गावाच्या कडेनं कालवा. कालव्यावर पाटकरी कचरू दिघे. पाणी कधी सुटणार, कुठल्या चारीला वळणार, हे बघणारा माणूस. कामाला चोख, पण बोलताना अडखळायचा. शब्द ओठाशी यायचा आणि तिथंच अडून बसायचा. तरी चार वर्षं, पाणी सुटायच्या दिवशी, हा माणूस रेडिओला फोन करायचा. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. बायामाणसं कालव्यात धुणं धुतात, गुरं उतरतात, म्हणून स्वतःहून. "आठ वाजता पाणी सुटतंय, कालव्यात उतरू नका." एवढंच सांगायचं, आणि तेवढ्याला त्याला दोन मिनिटं लागायची.

एका सकाळी प्रसन्नचा कार्यक्रम रंगत नव्हता. फोन येईनात. तेवढ्यात कचरूभाऊंचा आला. "पाणी" या शब्दावर अडला. पुन्हा अडला. आणि प्रसन्न म्हणाला —

"अहो भाऊ, तुमचं वाक्य पोचायच्या आत पाणी पोचेल की!"

हसलात! बघा, हसलात ना? मीही जरा चवीनंच सांगितलं, खोटं कशाला बोलू?

तिथं थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण फोन खणखणायला लागले. "पुन्हा लाव, पुन्हा लाव!" मग त्यानं कचरूभाऊंचं ते अडखळणं उचललं, खाली ढोलकीचा ठेका टाकला आणि आठवडाभर वाजवलं. कसं वाजायचं, करून दाखवू? नाही दाखवणार.

चहाच्या टपरीवर कचरूभाऊ आले की पोरं टेबलावर तो ठेका धरायची. लेकीला बघायला पाहुणे आले, त्यांतल्या एकानं हसत विचारलं, "रेडिओवरचे ते तुम्हीच का?" सोयरीक जुळली नाही. त्याचमुळं जुळली नाही, असं मी म्हणत नाही. पण कचरूभाऊ त्या दिवसापासून बोलायचेच बंद झाले. घरातसुद्धा मानेनंच हो-नाही.

दीड महिन्यानं पुन्हा पाणी सुटायचं होतं. कचरूभाऊंनी फोन हातात घेतला. नंबर लावला, आणि तोंड उघडायच्या आत कापला. मग सायकल काढली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि कालव्याच्या कडेनं निघाले. शिट्टी वाजवायची, हातानं खूण करायची — बाहेर या! सहा वाड्या. पाच झाल्या. सहावीच्या अलीकडं पाण्यानं त्यांना गाठलं.

सहाव्या वाडीवर हौसाबाई पानसरे. साठीची बाई, कंबरभर पाण्यात उभी राहून गोधड्या धूत होती. लोंढा आला. पाय निसटले. दोनशे पावलं वाहत गेली आणि पुलाच्या गजाला अडकली. माणसांनी दोर टाकून काढली. जीव वाचला. पण उजवा खांदा मोडला. परत सरळ झाला नाही.

वीस दिवसांनी, गळ्यात हात बांधलेला, बाई रेडिओच्या त्या माडीच्या पायऱ्या चढली. प्रसन्नला वाटलं, गाण्याची फर्माईश असेल.

"या मावशी. काय लावू?"

"काही लावू नको बाबा. एक विचारायचंय. त्या दिवशी सातपासून तुझा रेडिओ कानाशी होता. पाण्याचं तू काही बोललाच नाहीस. रेडिओवर आलं नाही म्हणजे पाणी नाही, असं धरून मी उतरले. का नाही बोललास?"

"मावशी, मला कुणी कळवलंच नाही!"

म्हातारीनं विचारलं, "कोण कळवायचं तुला?"

  जाता जाता बाई म्हणाली, "मीही हसले होते रे त्याला. खांदा दुखला की आठवतं."

दुसऱ्या सकाळी प्रसन्ननं रेडिओवर माफी मागितली. कशी? "माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर दिलगीर आहे." आपल्याकडं सगळे मोठे लोक मागतात तश्शी! आणि जरा हलका होऊन तो कचरूभाऊंच्या घरी गेला. दारात त्यांची बायको, सिंधूबाई.

"ऐकली तुमची माफी. 'असतील तर' म्हणालात. अजून तपासच चाललाय का?"

प्रसन्न उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, दुखावलं. मी दुखावलं. हसं व्हावं म्हणून, मुद्दाम. हौसाबाईंचा खांदा गेला, त्यातही माझा वाटा आहे."

आतून कचरूभाऊ आले. बोलायला लागले. अडले. प्रसन्नच्या ओठावर तो शब्द तयार होता, पुरवून मोकळं व्हावं असं त्याला वाटत होतं. ओठ दाबून गप्प राहिला. शेवटी शब्द आला, "फोन... नाही करणार. माणसं हसतात." आणि ते आत गेले.

मंडळी, माफी मागितली म्हणजे मिळालीच पाहिजे, असं कुठं आहे?

तीन वेळा गेला प्रसन्न. चौथ्या वेळी, पाणी सुटायच्या सकाळी, कचरूभाऊ स्वतः माडी चढून आले. फोनवर नाही, समोर बोलतो म्हणाले. प्रसन्ननं आपल्या खुर्चीत बसवलं, माईक त्यांच्याकडं फिरवला. कचरूभाऊ बोलायला लागले आणि "पाणी"वर अडले. रेडिओवर शांतता! रेडिओवाल्याला शांततेइतकी भीती कशाची नाही. पाच सेकंद, दहा सेकंद. प्रसन्ननं गाणं लावलं नाही, विनोद केला नाही. हात मांडीवर ठेवून बसला. धारा काढणारे थांबले. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. आणि सगळं गाव एका माणसाचा एक शब्द पुरा व्हायची वाट बघत राहिलं.

साडेतीन मिनिटं लागली. पाणी सुटलं तेव्हा कालव्यात कुणी नव्हतं.

आता घरी जाऊन सांगू नका, बुवांनी रेडिओवाल्याला छान झापलं! तो तर जाऊन आला. तुमचं सांगा. तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत, तुमच्या घरात असा एक जण आहे, जो तुमच्या हसण्यामुळं बोलायचा बंद झालाय. नाव आठवलं? खाली बघू नका, आठवलंय! उद्या त्याच्या दारी जा. आणि जाताना 'असेल तर' बरोबर नेऊ नका.

म्हणा आता त्या देवाचं नाव. पण सावकाश, शेजारच्याला बरोबर घेऊन. विठ्ठल... विठ्ठल...