दगडावरचे शेजारी

(दक्षिण फ्रान्समधलं एक गाव. अल्जेरिया स्वतंत्र झाल्यावर तो देश सोडून आलेल्या फ्रेंचांच्या स्मारकाचं रविवारी अनावरण आहे. म्हातारी ओदेत ईस्टरच्या गोड पावाचं पीठ मळते आहे. दहा वर्षांची नात लूसिल स्मारकावरची नावं वाचायचा सराव करते आहे. स्मारक उभारणाऱ्या संघटनेचा नॉर्बेर नुकताच आत आला आहे.)

लूसिल : "आमचे हुतात्मे... आंसेल्म सेर्वेरा, रने माल्दोनादो..." आजी, असं तोंड का केलंस? चुकलं का माझं?

ओदेत : तू नाही चुकलीस, बाळा. नॉर्बेर, बसू नकोस. आधी सांग, रने या यादीत कसा आला?

नॉर्बेर : अगं, नावं गल्लीवार लावलीत ना! तिकडे अल्जेरियात, ओरान शहरात जसे राहत होतो, तशीच. शाळेच्या गल्लीत तुझे बाबा आंसेल्म, त्यांच्या शेजारी रने. सगळ्यांना काय आवडली कल्पना!

ओदेत : बाबांच्या शेजारी, रनेच!

लूसिल : रने कोण होता?

ओदेत : तुझ्या पणजोबांचा विद्यार्थी. सातच्या पाढ्याला अडायचा. बाबा त्याला संध्याकाळी घरी बसवून शिकवायचे, आई खायला घालायची. मोठा झाला आणि पिस्तूल घेऊन शाळेत आला. बाबांना वाटलं, सहज भेटायला आलाय. म्हणाले, "ये रे, रने."

लूसिल : पण नॉर्बेरआजोबा तर म्हणाले, पणजोबांना अरबांनी मारलं.

नॉर्बेर : मी म्हणालो, त्या धुमश्चक्रीत गेले...

लूसिल : नाही, अरबांनी म्हणालात.

ओदेत : का मारलं, तेही सांग तिला. नाहीतर मीच सांगते. अरबांच्या पोरांसाठी शाळा उघडी ठेवली म्हणून, लूसिल. अल्जेरिया फ्रान्सचाच राहावा म्हणणाऱ्या आपल्याच माणसांनी.

नॉर्बेर : रनेलाही फ्रेंच सैनिकांनीच भर रस्त्यात गोळी घातली. पोरगाच होता गं. त्याची आई बोटीवर वेड्यासारखी त्याला हाका मारत होती, विसरलीस? नेसत्या कपड्यांनिशी निघालो आपण. इथं फ्रान्समध्ये, मार्सेलच्या धक्क्यावर हमालांनी आपल्या पेट्या मुद्दाम पाण्यात सोडल्या. इतकी वर्षं कुणी आपलं नाव घेतलं नाही. आता कुठे नगरपालिकेनं जागा दिली, तर तू...

ओदेत : त्या धक्क्यावर ते हमाल माझ्या आईच्या कोटावर थुंकले होते. त्यांची किळस अजून गेली नाही माझ्या मनातून. पण कोट धुता आला. तू दगडात कोरून ठेवलंस. हुतात्मे म्हणे! शी!

नॉर्बेर : परक्यांपुढे घरातलं कशाला उघडं करायचं?

ओदेत : आणि माझे बाबा घरातले नव्हते?

लूसिल : आजी, मग मी रविवारी वाचू की नको?

ओदेत : तुला काय वाटतं? घाई नाही. विचार करून सांग.

लूसिल : रनेच्या आईचं मला वाईट वाटतं. पण... दोघांना एका श्वासात नाही वाचता येणार मला.

ओदेत : ऐकलंस, नॉर्बेर? बाबांचं नाव घासून काढ.

नॉर्बेर : बाबांचं? रनेचं नाही?

ओदेत : रनेला तुम्ही खुशाल मिरवा, ती शोभा तुमची. माझा बाप त्या रांगेत उभा राहणार नाही.

नॉर्बेर : अगं, संगमरवर आहे तो! मध्येच मोकळी जागा दिसेल. जो तो विचारेल, इथं कोण होतं?

ओदेत : विचारू देत. समोरच्या बाकावर मी बसलेली असेन.