बॉक्स दुकानात उघडायचा नाही

नाही ताई, माइक लॅपटॉपला जोडायचा हा इंटरफेस उघडून नाही दाखवता येणार. बॉक्स दुकानात उघडायचा नाही आणि का ते विचारायचं नाही — हा आमच्याकडचा नियम. काकांनी केलाय. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, मोठी झालीस की कळेल. झाले मोठी. कळलंही. ते जाऊ दे — हा घरी न्यायचा, घरी उघडायचा, आणि एकदा सील तोडलंत की तो तुमचा, आमचा काही संबंध नाही. हळू कशाला बोलताय? आत चहा पितायत दोघं, काका आणि बाबा, पडद्याला कान लावून. ऐकू देत.

लॅपटॉपवर काय आहे म्हणालात? विंडोज नाही, लिनक्स? नाही हो, तुम्हाला नाही हसत. मागे एकजण हेच म्हणाला, तर काका त्याला सांगतायत — लिनक्स ना, उत्तम कंपनी, आमच्या साडूकडे त्यांचाच टीव्ही आहे! आणि त्याच्या हातात हाच बॉक्स दिला. हा स्टिकर वाचलात ना, ‘सर्व लॅपटॉपवर चालते’? तो कंपनीचा नाही, काकांनी छापून आणलाय. कंपनीनं काय लिहिलंय ते स्टिकरच्या खाली आहे — हो, अगदी बरोबर ओळखलंत, म्हणूनच तो तिथे चिकटवलाय. दिसायला मात्र देखणा आहे की नाही? सगळं गुळगुळीत, वर एकही बटण नाही. कशासाठी हवाय? पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची? घरून? म्हणजे बाळाला सांभाळून पहिलंच काम — वा, मस्त. नमुना कधी पाठवायचाय?

उद्या?

उद्या म्हणालात ना — थांबा, ठेवा तो खाली. हातातला बॉक्स ठेवा म्हणते मी. हे बघा, वर बटण नाही, याचा अर्थ काय? माइकला वीज द्यायची, आवाज कमीजास्त करायचा, ते सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून. आणि ते सॉफ्टवेअर लिनक्ससाठी कंपनीनं काढलेलंच नाही. तुम्ही जोडाल, लॅपटॉप म्हणेल, हो, दिसला — यादीत नाव येईल, दिवा लागेल, तुम्ही खूश — आणि रेकॉर्ड करायला गेलात की शुकशुकाट. मग तुम्ही वायर बदलाल, लॅपटॉप बंद-चालू कराल, रात्रभर स्वतःलाच शिव्या द्याल. मला कसं माहीत? शिकलेय ना मी हे. ध्वनिमुद्रणच शिकलेय कॉलेजात. मग इथे काय करतेय — हा प्रश्न सगळेच विचारतात, तुम्ही निदान तोंडानं नाही विचारलात.

एका स्टुडिओनं बोलावलं होतं. दुसऱ्या शहरात, चांगला स्टुडिओ. फक्त घरी केलेलं एक रेकॉर्डिंग पाठवा म्हणाले. माझ्याही लॅपटॉपवर लिनक्सच. काकांनी स्वतः हाच इंटरफेस आणून दिला — घे, घरचाच माल आहे. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार, काकाच ना? मुदत संपेपर्यंत स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेघेकडे बघत बसले होते, सरळच्या सरळ. काका म्हणाले, तुझ्या लॅपटॉपमध्येच खोट आहे. बाबा बाजारात गेले आणि माझ्यासाठी ही खुर्ची घेऊन आले. बसून बघा, गादीची आहे. मी आता इथेच बसणार म्हणून इतका आनंद झाला होता त्यांना की भावसुद्धा केला नसेल! मी आपली स्वतःलाच मूर्ख समजत होते — आणि मग एकदा काका फोनवर, घाऊकवाल्याशी — अहो, लिनक्सवर चालत नाही हे मला तेव्हाच सांगितलं होतंत की तुम्ही! मी इथेच होते, खुर्चीवर. आणि बाबा समोर. बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि — म्हणजे त्यांनाही — जाऊ दे. हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्हाला इंटरफेस हवाय. द्या तो लॅपटॉप इकडे.

हा धाकटा बघा, धुळीतला. दिसायला साबणाची वडी, पण बटणं सगळी अंगावर. जोडलं की लिनक्स आपणहून ओळखतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. यात काकांना फारसं सुटत नाही म्हणून वरच्या फळीवर. — हो काका, तो आवाज सीलचाच होता. या, या, बाहेर या. बाबा, तुम्हीपण. ताई, बोला या माइकमध्ये. काहीही बोला, पुस्तक वाचता तसं... आला! बघा कशी नाचतेय रेघ. किती छान आवाज आहे हो तुमचा.

आता दुसरं सील, या देखण्या बॉक्सचं. माइक आता याला जोडला. ओरडू नका काका, इकडे माइकमध्ये ओरडा. या ना! रोज गिऱ्हाइकाला सांगता तेच सांगा. डोळे झाकून घेऊन जा, चालतं — हं, अजून जोरात. अजून. झालं? आता ऐकू या. ताई, आवाज पूर्ण वाढवा... पूर्णच आहे? काका, ती रेघ बघा. नाही, ते चित्र अडकलेलं नाही, तो तुमचा आवाज आहे.

नाही. ताईंनाही नाही आणि उद्या येणाऱ्यालाही नाही, मी हा विकणार नाही. घरचं दुकान आहे हे माहितीय मला, घरच्याच माणसाला फसवून चालवलंत म्हणून तर बोलतेय. त्या स्टुडिओला मी सकाळी पुन्हा पत्र पाठवलंय, ते घेवोत न घेवोत. बाबा, तुम्हाला काय वाटतं? विचारतेय मी, खरंच विचारतेय. तुम्हाला माहीत होतं ना?

काका, तुम्ही सांगा मग, बाबांना माहीत होतं का?

जा ताई तुम्ही, तो धाकटा घेऊन. इथे आता कुणी काही बोलणार नाही.