मोतीच्या पायातला काळा दोरा

डॉक्टर-बिक्टर मला सांगू नका, माझ्या मोतीचं काय झालं ते ऐका. हरमलच्या किनाऱ्यावर मी पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचो. सीझन तोंडावर आला आणि मोती लंगडायला लागला. कुठला पाय दुखतोय, ते मला काही कळेना.

पेडण्याहून जनावरांचे डॉक्टर आले. मोतीला चालवून बघितलं आणि म्हणाले, "पुढचा डावा." खात्रीसाठी डिचोलीहून दुसरे बोलावले. त्यांनी तर दोनदा पळवलं. "पुढचा डावा!"

दोघांचं एकमत झालं म्हणून मी खूश. लेप लावायला बसलो, तर आई म्हणाली, "घोडो घेतलो तेव्हाच मी त्या पायाक काळो दोरो बांधलंय, दिष्ट लागू नये म्हणान. दोगांनी पाय नाय, दोरो बघल्यानी!"

मला काही ते पटलं नाही. तरी गुपचूप दोरा सोडून मागच्या उजव्या पायाला बांधला. आठवड्याने पेडण्याचे डॉक्टर परत आले. मोतीला चालवलं, मान डोलावली.

"पुढचा बरा झाला. दुखणं आता मागच्या उजव्यात उतरलंय."

मी वाकून दोरा सोडला, खिशात टाकला. "डॉक्टर, आता बघा."

डॉक्टरांनी मोतीला पुन्हा चालवलं, चारही पाय एकेक करून बघितले. मग म्हणाले, "आधी चहा सांगा."