कोयंड्यातलं कुलूप

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका. लांबलांबून आलात, जिंतूरहून पाहुणे आले, नानाच्या दारात एवढी माणसं बघून बरं वाटलं. मला बोलता येत न्हाई. माईक हातात धरायची ही पहिलीच वेळ. पण आतापर्यंत जे बोलले ते ऐकून मला बसवेना.

पाहुण्यांसाठी सांगते. मी गयाबाई. नानाच्या समोरच्या घरात एकटी राहते. चोर माझ्याच घरात शिरले होते, मागच्या न्हाणीचा पत्रा उचकटून. माझ्या कानातल्या फुल्या ओढल्या. मी वरडले म्हणून नाना धावत आले. त्यांनी नानाला ढकललं, ओट्याच्या दगडावर डोकं आपटलं, आन परभणीच्या दवाखान्यातून नाना माघारी आले न्हाईत.

आता सगळे म्हणायलेत, नाना लय धाडसी माणूस. अहो, कसलं धाडस? कुत्रं भुंकलं तरी नाना वाट बदलून जायचे. नाना आले, कारण त्यांचं दार उघडलं. तुमचं उघडलं न्हाई. एवढंच हाय.

मागं शाळेत पोलीस ठाण्याच्या जमादारांनी मीटिंग घेतली होती, आठवतंय का? जमादार म्हणले, चोर आधी शेजारपाजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात आन मग एका घरात शिरतात. म्हणून रातीला निजताना बाहेरच्या कोयंड्यात नुसतं कुलूप अडकवून ठेवा. कोयंडा भरलेला असला की कडी बसत न्हाई. नवं काही आणायचं न्हाई. रानात जाताना लावता तेच कुलूप. तुमी माना हलवल्या, चहा पिलात, घरी गेलात. एकट्या नानानं ते मनावर घेतलं.

नाना एसटीत ड्रायव्हर होते. गाडी काढायच्या आधी चाकं बघायचे, तशी रोज संध्याकाळी गल्लीतली दारं बघत फिरायचे. "वहिनी, कुलूप अडकवलं का?" मग तुमचं उत्तर ठरलेलं. "नाना, दिवेलागणीला दाराला कुलूप बरं न्हाई. लक्ष्मी यायची वेळ असती, ती माघारी जाती." नाना म्हणायचे, "बरं, मग जेवणं झाल्यावर अडकवा." जेवणं झाल्यावर कोण उठतंय? सीरियल संपली की आडवे. आमी तर बुद्धाचे, आमच्यात लक्ष्मीची अडचण न्हाई. तरी माझी जाऊ म्हणली, "घरात माणसं असताना दाराला कुलूप? लोकं हसतील." हसा म्हणावं आता.

आन नाना तरी काय कमी चिकट? मला तर उभं राहून अडकवायला लावायचे. मी म्हणायची, "माझ्या दाराला कडी घालून कोण काय करणार? मी म्हातारी कुणाच्या मदतीला जाणार हाय?" तर म्हणायचे, "गयाबाई, तुमी वरडू तर शकता. दारात येऊन वरडलं तर गल्लीला ऐकू जातं." खरंच, तसंच झालं. मी दारात येऊन वरडले.

आन मग काय ऐकलं, सांगू? सगळी गल्ली जागी झाली. दारं धडाधडा वाजायला लागली. आतून. माझा पुतण्या आतून लाथा घालायलाय, कुणी फळ्या हलवायलंय, लेकरं रडायलीत. सरपंच, तुमचा आवाज मी वळखला. "कडी काढा, कडी काढा" म्हणून तुमी हाका मारायलात. कुणाला सांगायलात? बाहेर होतं कोण?

तुमी भ्यालात, असं मी म्हणत न्हाई. तुमाला यायचं होतं. म्हणून तर माझा जीव जास्त जळतो. भित्र्याला काय बोलायचं, त्याला सोडून द्यावं. पण तुमी चांगली माणसं, आन आपापल्या घरात कोंडून पडलात. सगळे मिळून आला असता तर चोर पळाले असते. नाना आज इथं बसले असते, आन तुमच्या दाराकडं बघत बसले असते.

सरपंच आत्ता म्हणले, नानाच्या नावानं गावात कमान उभी करू. करा बाबा. मी न्हाई म्हणत न्हाई. पण नानानं तुमाला कमान मागितली होती का? काय मागितलं होतं ते सगळ्यांना ठाऊक हाय.

मला वाटलं, एवढं झालं, आता तरी माणसं शहाणी होतील. म्हणून काल जेवणं झाल्यावर मी बाहेर येऊन बघितलं. इकडून तिकडं, सगळे कोयंडे रिकामे. माझं सोडलं तर कुलूप फक्त नानाच्या दाराला. नानाच्या माघारी घरच्या वहिनीनं अडकवलेलं.

म्हणजे आज रातीला मी वरडले, तर पुन्हा तेवढंच दार उघडंल. आन त्यातून नानाची बायको, गुडघे धरत धरत, एकटी बाहेर येईल.

नाना, तुमाला माझा जयभीम.

आता उठा सगळे. नानासाठी थोडा वेळ गुमान उभे राहू.