खूण म्हणजे नंबर

— रडायचं तर रड, पण कापड हलवू नकोस. ताणून धर, दोन्ही हातांनी — हां, असं. कात्री बारीक आहे माझी, बोट सापडलं तर मग मला बोलायचं नाही. आणि सारखं तिकडे काय बघतेस? खिडकी कुठे पळून जात नाहीये. सांगितलंय ना तुला, आधी ह्या सगळ्या चिमण्या उसवायच्या, मग खिडकी. काय गं बाई तुझी आई तरी! आम्ही कळवलं होतं, प्रत्येक कपड्यावर खूण घालून पाठवा. खूण म्हणजे नंबर. सव्वीस. ह्या शाळेत खूण म्हणजे नंबरच, दुसरं काय असणार? आणि ही बया बसली चिमण्या भरत! परकरावर चिमणी, झग्यावर चिमणी, टॉवेलावर चिमणी — मोज्यावरसुद्धा, बघ, मोज्यावरसुद्धा! डोळे फुटले असतील भरता भरता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ताप माझ्या डोक्याला. धोबीण काय चिमणी ओळखणार आहे? ती आकडा बघते आणि गठ्ठ्यात टाकते. चोच किती बारीक काढलीय मेली, सुटता सुटत नाही.

मला मावशी म्हणायचं. कपड्यांची मावशी. मी सिस्टर नाही, तेव्हा सिस्टर म्हणायचं नाही, आणि आई तर अजिबात म्हणायचं नाही. हसू नकोस — नाही, तू कुठली हसतेस — पण पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडून निघतं. इथे बसून बटण लावत असतात आणि निघून जातं, ‘आई, झालं’. मग मला ऐकूच येत नाही. मी आपली सुईत दोरा ओवत बसते. दोन-चार वेळा ऐकू आलं नाही की जीभ आपोआप वळते. इथे आई एकच, ती म्हणजे मदर, आणि ती सगळ्यांची आहे — म्हणजे कुणाची एकटीची नाही, कळलं? तिच्या अंगाला जाऊन बिलगायचं नाही. एकीने केलं होतं तसं, मदरच्या पांढऱ्या झग्याला शेंबूड लागला. तो मी धुतला.

घाबरतेस कशाला, शिकायलाच आलीयस ना? शिकवतात इथे, चांगलं शिकवतात. व्याकरणाची सिस्टर आहे, मुली तिला टाचणी म्हणतात — मी सांगितलं म्हणू नकोस. शब्द चुकला की ती मारत-बिरत नाही. चुकलेला शब्द कागदावर लिहायचा आणि तो कागद पाठीला टाचून दिवसभर हिंडायचं, जेवणाच्या खोलीत, चॅपलमध्ये, सगळीकडे. मागे एक होती, तिला ‘आशीर्वाद’ काही केल्या लिहिता येईना. दरवेळी ‘आर्शिवाद’. आठवडाभर पोर पाठीवर आर्शिवाद घेऊन फिरली! प्रार्थनेला गुडघ्यावर बसली की मागच्या रांगेला तेवढंच दिसायचं. आम्ही काय हसलो, काय हसलो — मदरसुद्धा हसली. पण शिकली की नाही? आता मरेपर्यंत चुकणार नाही. आणि आंघोळ झगा घालून करायची, हे आत्ताच सांगते. का म्हणून विचारायचं नाही. मी विचारलं होतं — देवानेच केलेलं अंग, मग देवापासून झाकायचं कशाला — तर चॅपलच्या फरशीवर गुडघे सोलून निघाले माझे. हो मग, मीही इथलीच. अकरा नंबर. हा बघ माझा रुमाल. अजून अकराच आहे त्यावर.

काय पुटपुटतेस? नीट बोल, तोंडात काय बोळा आहे? — छत्री? अच्छा. म्हणजे ही आणखी एक खूण! समोरच्या फुटपाथवर निळी छत्री उघडून उभी राहणार, तू वरून हात हलवणार, आणि मग ती जाणार. वा! ऊन नाही, पाऊस नाही, आणि ही छत्री उघडून उभी. लोक काय म्हणतील? — तू हात हलवल्याशिवाय जाणारच नाही म्हणाली? अस्सं. अगं, सगळ्या असंच म्हणतात. बोलायला काय जातं? बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. एकीची आई म्हणाली होती, रोज संध्याकाळी समोरून जाईन. एकीची म्हणाली होती, फाटकाशी — अगं अगं अगं! ओढलंस ना? ओढलंस! फाटला ना झगा? घाई! घाई कुणाला नडली? आता हे रफू केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी नाही उशीर केला हं, तू केलास. बस. बस खाली. आणि नाक पूस.

तुला वाटतंय मी मुद्दाम करतेय. करतेच आहे मुद्दाम, लपवायचं काय त्यात? खालच्या काचा पांढऱ्या रंगवल्यात ना, त्या मीच मागे लागून रंगवून घेतल्या. पूर्वी साध्या होत्या. मी तुझ्याएवढी असताना साध्याच होत्या. मला नाही कुणी इथे बसवून ठेवलं. मी धावत गेले, काचेला नाक लावलं. माझी आई म्हणाली होती, बाळ, मी खाली उभी राहून रडणार आहे, तू मात्र रडायचं नाहीस. म्हणून मी रडले नाही. ती खाली होती. कोपऱ्यावर फळवाला बसायचा, त्याच्याकडून तिने एक संत्रं घेतलं. तिथेच कट्ट्यावर टेकली, पिशवी बाजूला ठेवली आणि सोलायला लागली. सावकाश. एकेक फोड. वरच्या शिरा काढून काढून — घरी ती शिरा मला काढून द्यायची, स्वतः कधी खायची नाही. फळवाला काहीतरी बोलला, तर ही हसली. मान मागे टाकून हसली. अशी निवांत मी तिला कधी बघितलीच नव्हती. घरी सारखी आपली धुसफूस, धुसफूस. मग बोटं चाटली, बस आली, चढली. वर बघितलं? नाही बघितलं. पहिल्या सुट्टीला काका आला न्यायला. दुसऱ्या सुट्टीला — जाऊ दे. दुसऱ्या सुट्टीला इथे रंगकाम होतं, मी सिस्टर लोकांना मदत केली.

म्हणून सांगते, न बघितलेलंच बरं. गेली ती रडत गेली असं धरून चालायचं, आणि रात्री पांघरूण डोक्यावर घ्यायचं. मी तुझ्या भल्याचंच करतेय. सगळ्यांच्या भल्याचं केलंय. आभार कुणी मानत नाही, ते सोड. — हं, झालं रफू. ही मोज्यावरची उसवली की संपलं. तूच उसव. उसव म्हणते ना, तुझीच आहे. आधी डोळा, मग शेपूट. शाब्बास. बघ, आहे का कुठे काही? कोरं कापड. उद्या सव्वीस घालू.

थांब. मुठीत काय आहे? उघड. उघड, नाहीतर मी उघडते. — रुमाल! वाटलंच मला. बघू. ही जरा मोठी भरलीय, नाही? पंखसुद्धा दोन रंगांचे. दे इकडे. चावतेस? मला चावतेस? बरं. बरं. चावलीस, ते मी मदरला सांगणार नाही, पण ही आता मी तुझ्या देखत कापणार, उसवणारसुद्धा नाही. — हे बघ. झालं. इतकं सोपं असतं.

चल, आता खिडकी. शब्द दिला म्हणजे दिला, मी काय खोटं बोलणारी बाई नाही. ते स्टूल आण. इथे ठेव. अंहं, चढू नकोस, आधी मी बघते. तास होऊन गेला असेल, आता काय असणार आहे तिथे, फळवाल्याची म्हातारी आणि कुत्री —

अगंबाई.

— इतका वेळ? हात दुखत नाही का हिचा? अशी उंच धरून, मान वर करून, सगळ्या खिडक्या एकामागून एक —

काय? नाही. काही नाही. कुणी नाही. रस्ता मोकळा आहे. गेली तुझी आई. मी म्हटलं नव्हतं? ठेव ते स्टूल जागेवर. ठेव म्हणते ना, सव्वीस! जेवणाची घंटा झाली, रांगेत जा. डोळे पुसून जा. जा.

आणि दार ओढून घे. मला इथे जरा उभं राहायचंय.