नव्या खिडकीचं म्हातारपण

...अवो, नवी कोरी सागवानी खिडकी, आनि तिला साखळीनं बडवत्यात! तुम्हास्नी सांगतो, समोरच्या बसलिंगाप्पानं नबीलाल सुताराला बलावलं, आनि त्यो भर गल्लीत त्या खिडकीला साखळीनं हानतोय, खिळ्यानं टोचतोय, मेनबत्ती घासून वर निळा रंग देतोय, वाळला की काचपेपरनं खरवडून काढतोय. म्हनलं, "नबीलाल, तिनं काय चोरी केली व्हय रं?" तर म्हनतोय, "आबा, पन्नास पावसाळं खाल्ल्यागत दिसाय पायजे. फॅशन हाय."

आता पन्नास पावसाळं खाल्लेली आमची हाय की समोरच. रंगाचं पापुद्रं निघाल्यात, गज गंजल्यात, वाळवी लागली ती बी सोडून गेली... चव न्हाय म्हनून. पर गल्ली सगळी बसलिंगाप्पाच्या दारात. त्याची सून शांभवी फोटो काढतीया, पोरी चौकटीला हनुवटी टेकून हुभ्या. आनि आमच्या खिडकीकडं कुत्रं बघंना.

जळलो. तव्यावर भाकरी इसरावी तसा जळलो. तेवढ्यात त्यांचं घरदार लग्नाला नेसरीला गेलं. जाताना बसलिंगाप्पा म्हनला, "आबा, घराकडं जरा ध्यान ठेवा." ठेवलं की. हिरव्या आईलपेंटचा डबा आनला आनि असा हात मारला, असा हात मारला, की खिडकी पार तालमीच्या दारागत चकचकाय लागली. म्हनलं, काढा आता फोटो.

आलं परत. "आरं ह्ये कुनी केलं?" बसलिंगाप्पा बोंबलला. म्हनलं, "शेजारधर्म." नबीलाल आला, बघितलं, आनि गडी खूश. "वा आबा, ह्योच थर कमी पडत हुता." काचपेपर फिरवला, तर हितं हिरवा, तितं निळा, मधनंच लाकूड... पयल्यापरास झ्याक. गल्ली परत तिकडं. आनि आमच्या खिडकीकडं कुत्रं बघंना.

पर शांभवी गुणाची. वळली, आमच्या खिडकीकडं बघतच ऱ्हायली. "अज्जा, ही तर खरीच जुनी की. उद्या उन्हं आली की फोटो काढते, तुम्ही आत बसा."

तुम्हास्नी सांगतो, सकाळी उठून दाढी करून आलो, ठेवनीतला फेटा बांधून आलो... तर आमची बायकू चिमणाबाई खिडकीत हुभी, हातात बरश. "गणपती तोंडावर आल्यात. जल्मभर रंग आना म्हनत हुते, आनलासा बाई एकदाचा. अर्धा डबा दिसला, म्हनलं तुमाला कशाला तरास." हिरवीगार खिडकी, वाळवीच्या भोकासकट. आनि लगीन झाल्यापासनं पयल्यांदा बाई माझ्याकडं बघून हसतीया, तिला बोलू तरी काय?

शांभवी मोबाईल घिऊन आली, बघितलं, मोबाईल खाली. "अज्जा, नबीलालचाचास्नी सांगा की. जुनी करून देतील."

म्हनून हितं नबीलालच्या दारात नंबर लावून बसलोय. म्होरं तीन नव्या खिडक्या हायत म्हाताऱ्या व्हायच्या. आनि आमच्या खिडकीकडं कुत्रं... न्हाय, खोटं कशाला बोलू, आज एक आलतं. खिडकीखाली पाय वर केला, रंगाचा वास आला, आनि तसंच बसलिंगाप्पाकडं गेलं.